पाचव्या संगणकाच्या दोन चाव्या

संगणक सुरक्षित कसा ठेवावा, या विषयात माझ्याइतका अपमान फार थोड्या माणसांनी सोसला असेल. वास्तविक मला या विषयातलं काही कळत नाही. पण मी मंडळाचा चिटणीस आहे, आणि चिटणिसाला विषय कळलाच पाहिजे अशी अट आमच्या घटनेत नाही. घटना मीच लिहिली आहे.

मंडळाचं नाव 'डिजिटल समावेशन मंडळ'. यातला पहिला शब्द परका, दुसरा निम्म्या सभासदांना उच्चारता येत नाही, आणि जीव सगळ्यांचा तिसऱ्यावर. उद्देश मात्र साधा आणि चांगला होता. ज्या वडीलधाऱ्या माणसांना संगणक दिसला की घाम फुटतो, त्यांना हाताला धरून तो शिकवायचा. कुणी मागे राहता कामा नये. एका विमा कचेरीनं आपले जुने पाच संगणक आम्हाला देऊन टाकले. (देताना त्या लोकांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्या वेळी दानाचा समजलो.) वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी मागची खोली दिली, पण निदान पंधरा विद्यार्थी पाहिजेत अशी अट घातली. चौदा जमले. पंधरावं नाव मी सासूबाईंचं घातलं. त्यांना न विचारता घातलं, कारण विचारल्यावर माणसं नाही म्हणतात हे मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात बत्तीस वर्षं काढून शिकलो आहे.

सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. त्या आमच्याकडेच असतात. मला वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, "बरं केलंत जावईबापू. माझं एक काम आहे त्या यंत्राशी."

काम होतं धाकट्या बहिणीचं. ही मावशी लांबच्या देशात मुलाकडे राहते. दर रविवारी माझ्या फोनवरून त्या दोघींचं बोलणं व्हायचं. मी हा उपक्रम अत्यंत निष्ठेनं चालवत होतो. फोन लावून द्यायचा, सासूबाईंच्या मागे उभं राहायचं, आणि "आई, कॅमेऱ्याकडे बघा. आई, कान नका दाखवू, तोंड दाखवा. आई, ओरडू नका, त्यांना ऐकू येतंय," असं मार्गदर्शन करायचं. मग बायको मान घालायची, मग मावशीचा मुलगा तिकडून मान घालायचा, मग आम्ही दोघं पुरुष हवामानावर बोलायचो. असा अर्धा तास सहज जायचा. त्यात दोघी बहिणींच्या वाट्याला दोनेक मिनिटं येत असावीत. मला कधी मोजावंसं वाटलं नाही.

असो. संगणक आले, खोली आली, विद्यार्थी आले. आता फक्त एक किरकोळ गोष्ट ठरवायची होती. या पाच संगणकांवर ऑपरेटिंग सिस्टम कोणती घालायची?

ज्यांना हे काय असतं ते माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही नव्हतं. संगणक चालू केल्यावर जी सगळ्यांच्या आधी उठते आणि मग बाकीच्यांना कामाला लावते, ती ऑपरेटिंग सिस्टम. आमच्या घरात हे खातं बायकोकडे आहे. मला वाटलं, दहा मिनिटांत हा विषय संपेल आणि चहा होईल. चहा झाला. तो सहा वेळा झाला, कारण सभाच सहा झाल्या.

आमच्या मंडळात दोन जाणकार. एक लॉकरसाहेब. हे बँकेतून निवृत्त झाले, आणि त्यांनी उमेदीची सगळी वर्षं तळघरातल्या लॉकरच्या खोलीत काढली. त्यामुळे ते अजूनही खोलीत शिरताना आधी मागे बघतात आणि मग आत येतात. दुसरे रेडिओमास्तर. यांचं कोपऱ्यावर रेडिओ, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करण्याचं दुकान. जगातली कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा धर्म. त्यांच्या दुकानात उघडलेल्या वस्तू पुष्कळ दिसतात. बंद केलेल्या कमी.

लॉकरसाहेबांचं म्हणणं, सिस्टम विकतचीच पाहिजे. मोठ्या कंपनीची, पावतीसकट. काही झालं तर जबाबदार कोण ते माहीत असतं. रेडिओमास्तरांचं म्हणणं, फुकटची पाहिजे. जगभरातल्या जाणत्या लोकांनी मिळून बनवलेली, आत काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येतं अशी.

"म्हणजे तिजोरीचा नकाशा चौकात लावायचा?" लॉकरसाहेब म्हणाले. "सगळ्या गावाला कुलूप आतून कसं आहे ते ठाऊक, ती तिजोरी कसली हो?"

"आणि कुलूप आतून कसं आहे ते मालकालाच ठाऊक नाही, ती तिजोरी की सापळा?" रेडिओमास्तर म्हणाले. "हजार माणसं बघतायत म्हटल्यावर भोक राहिलं तर कुणाला तरी दिसेलच की."

"पहिलं चोरालाच दिसेल!"

"तुमच्या बंद पेटीतलं भोक फक्त चोरालाच दिसतं!"

मला दोघांचंही पटलं. तक्रार विभागातल्या माणसाला कुणाचंही पटतं. त्याशिवाय तिथे बत्तीस वर्षं काढता येत नाहीत. मी इतिवृत्तात 'साधकबाधक चर्चा झाली' असं लिहिलं. पुढच्या पाच सभांचं इतिवृत्तही तेच आहे, फक्त तिसऱ्या सभेत 'कप फुटला' हे जास्तीचं आहे.

या काळात विद्यार्थी काय करत होते, असं कुणी विचारेल. ते बसून होते. पंधरा वडीलधारी माणसं वह्या पेन घेऊन रोज दहाला यायची, बंद पडद्यांसमोर बसायची आणि सुरक्षेवरचा वाद ऐकायची. एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, त्यांनी पहिल्या आठवड्यातच हातशिलाई आणायला सुरुवात केली. वाद संपेपर्यंत त्यांची दोन परकरांची किनार झाली.

आता मंडळाबाहेरच्या लोकांनीही सल्ले द्यायला सुरुवात केली. आमच्या वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांनी जिन्यात गाठून मला विचारलं, "कॅमेऱ्याचं काय केलंत?"

"काय करायचं?"

"झाका! बंद असला तरी तो बघत असतो." हे सांगताना त्यांनी आवाज इतका खाली आणला, की माझं तोंड आपोआप उघडलं. त्यांनी मला जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचं एक रीळ दिलं. वास्तविक पाचपैकी चार संगणकांना कॅमेराच नव्हता. पाचव्याला होता, आवाजही त्याचा एकट्याचाच धड होता. म्हणून पाचव्याला पट्टी लावली. उरलेलं रीळ परत करणं बरं दिसेना, म्हणून बाकीच्या चारांनाही, जिथे कॅमेरा असता तिथे, लावली.

तळमजल्यावरच्या निवृत्त हेडबाईंनी सांगितलं की वापर झाल्यावर इंटरनेटची तार काढून ठेवा, म्हणजे काही आत शिरायचा प्रश्नच नाही. हे ग्रंथपालबाईंना इतकं पसंत पडलं, की त्यांनी ती तार दुर्मिळ पुस्तकांच्या कपाटात ठेवायला सुरुवात केली. हवी असेल तर रजिस्टरमध्ये नाव, वेळ, कारण आणि सही. तार परत करताना पुन्हा वेळ आणि सही. तार फाटली, मळली किंवा तिच्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या तर भरपाई. हा नियम पुस्तकांसाठी छापलेला होता, तोच तारेला लागू झाला.

सहाव्या सभेत मी तोडगा काढला. दोन संगणक विकतच्या सिस्टमचे, दोन फुकटच्या. राहिला पाचवा. हा सर्वांत चांगला, म्हणून त्याच्यावर दोघांचाही डोळा. रेडिओमास्तर म्हणाले, एकाच संगणकात दोन्ही सिस्टम राहू शकतात; चालू केला की तो विचारतो, आज कुणाला उठवू? मी म्हटलं, वा! भांडण मिटलं. तेव्हा लॉकरसाहेब उठून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "आणि पासवर्ड कुणाकडे?"

सगळ्यांनी कप खाली ठेवले.

तिथे लॉकरसाहेबांनी बँकेची रीत मांडली. लॉकरला दोन चाव्या असतात. एक बँकेची, एक गिऱ्हाइकाची. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही, मग राजा येवो की रंक. तसंच पासवर्डचे दोन भाग करायचे. पहिला भाग विकतवाल्यांच्या वतीनं त्यांच्याकडे, दुसरा फुकटवाल्यांच्या वतीनं रेडिओमास्तरांकडे. एक जण घालत असताना दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करायचं. तीनदा चुकला तर संगणक तासभर कुलूपबंद. रेडिओमास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा लॉकरसाहेबांचं काहीतरी आवडलं. मी दोघांकडून गुप्ततेची शपथ लिहून घेतली: आपला भाग कुठल्याही तिसऱ्या व्यक्तीस, चिटणिसासह, सांगणार नाही. 'चिटणिसासह' हा शब्द मीच घातला. माझ्या निःस्वार्थीपणाचं कौतुक होईल असं वाटलं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग रोज दहा वाजता हा विधी व्हायचा. मी शपथेप्रमाणे दाराबाहेर जाऊन उभा राहायचो. आत रेडिओमास्तर भिंतीकडे वळायचे, लॉकरसाहेब एका बोटानं आपला भाग घालायचे. मग लॉकरसाहेब भिंतीकडे, रेडिओमास्तर संगणकाकडे. विद्यार्थी तिथेच बसलेले असायचे. त्यांना बाहेर काढावं का, असा प्रश्न मी एकदा विचारला होता. दोघंही हसले. "त्यांना काय कळतंय," लॉकरसाहेब म्हणाले, आणि या मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं.

हे असं तीन आठवडे चाललं. सासूबाई पाचव्या संगणकावर भराभर शिकल्या. हिरवं बटण कुठं, लाल कुठं, हे त्यांनी वहीत चित्र काढून ठेवलं. मावशीचं नाव यादीत घातलं. मी मागे उभा राहून "आई, दोनदा दाबा," म्हणायचो तेव्हा त्यांचं दाबून झालेलं असायचं. हे मला जरा खटकत होतं.

मग एका सकाळी आतून आरडाओरडा ऐकू आला. भिंतीजवळ पुस्तकांचं काचेचं कपाट होतं. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला त्या काचेत संगणक दिसतो, हा शोध लॉकरसाहेबांना लागला, आणि तो त्यांनी आरोपाच्या भाषेत जाहीर केला.

"तुमचा पासवर्ड बघायला त्याला काय सोनं लागलंय?" रेडिओमास्तर म्हणाले.

"मग काचेत काय बघत होता?"

"भांग पाडत होतो!"

रेडिओमास्तरांच्या डोक्यावर केस नाहीत. हे उत्तर त्यांनी रागाच्या भरात दिलं असणार, पण त्यामुळे संशय बळावला. ते तडक निघून गेले आणि दुपारी त्यांचा राजीनामा आला, रेडिओच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला. पाचवा संगणक बंद पडला. अर्ध्या चावीनं काय उघडणार? मी म्हटलं, होईल आठ दिवसांत थंड. भांडणं आणि गळके नळ, दोन्ही थोडे दिवस सोडून दिले की आपोआप बरे होतात, असं आमचे साहेब म्हणायचे. नळ होत नसत, हे खरं आहे.

सातव्या दिवशी, म्हणजे बुधवारी, सासूबाई माझ्यापाशी येऊन बसल्या. मावशीचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, गुरुवारीच. तिला आत नेण्यापूर्वी आमच्या घड्याळाप्रमाणे अकरा ते साडेअकरा ती मोकळी होती. मुलानं तिच्या उशाशी संगणक लावून ठेवला होता.

"अहो मग त्यात काय," मी म्हटलं. "माझ्या फोनवरून लावून देतो. मी आहे ना मागे."

सासूबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही आहात, म्हणूनच नको."

मला कळेना.

"तुम्ही चांगलेच आहात हो. पण तुमच्या फोनवर बोलायचं म्हणजे चौकात उभं राहून बोलायचं. तीन वर्षं झाली, तिला एक गोष्ट सांगायची राहिलीय. दोघींतलीच आहे. दर रविवारी वाटतं आता बोलावं, आणि तेवढ्यात तुम्ही म्हणता कान दाखवू नका." त्यांनी पदराला हात पुसले, ओले नसताना. "ती घाबरलीय. लहानपणीही घाबरायची. मला तिच्याशी एकटीनं बोलायचंय. त्यासाठीच तर शिकले."

इथे थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मला फार वाईट वाटलं. सहा सभा आम्ही सुरक्षा, गुप्तता असं ओरडत होतो, आणि माझ्याच घरात एका बाईला तीन वर्षं बहिणीशी दोन शब्द खाजगी बोलता आले नव्हते. आणि ते ऐकणारा चोर मी होतो. मी त्यांना शब्द दिला, की उद्या अकराला तुम्हाला पाचव्या संगणकापुढे बसवतो आणि खोलीत चिटपाखरू राहणार नाही. "बघा हं," त्या म्हणाल्या. मी छातीवर हात ठेवला. असा हात ठेवायची मला सवय नाही, त्यामुळे तो पोटावर पडला.

गुरुवारी साडेनऊला मी रेडिओमास्तरांच्या दुकानात हजर. ते एका पंख्याचं पोट उघडून बसले होते.

"मास्तर, तुमचा भाग मला सांगा. फक्त आजच्यापुरता."

"तिसऱ्या व्यक्तीस, चिटणिसासह," त्यांनी पंख्याकडे बघत म्हटलं. "अक्षर तुमचंच आहे."

"मग चला तरी."

"तो माणूस असेल त्या खोलीत मी पाऊल ठेवणार नाही."

शेवटी मी बहिणीची गोष्ट सांगितली. मास्तरांनी पाना खाली ठेवला. दुकानाची फळी ओढली, आणि माझ्या पुढे चालायला लागले. लॉकरसाहेबांकडे आम्ही दोघं गेलो. ते दारात आले, मास्तरांना बघून मागे सरले. मी पुन्हा तीच गोष्ट सांगितली. लॉकरसाहेब म्हणाले, "माझीही बहीण धाकटीच होती," आणि चपला शोधायला लागले. त्यांना त्या बराच वेळ सापडेनात, कारण डोळ्यांत पाणी होतं. मास्तरांनी वाकून त्यांच्या चपला पुढे केल्या. मी मनात म्हटलं, जिंकली लढाई.

दहा पस्तीसला वाचनालयात पोचलो. सासूबाई आमच्या आधी येऊन पाचव्या संगणकासमोर ताठ बसल्या होत्या. बाकीचे विद्यार्थी मागे. ग्रंथपालबाईंनी तारेचं रजिस्टर काढलं.

"कारण?"

"खाजगी," मी म्हटलं.

"खाजगी कारणासाठी साहित्य देता येत नाही."

"शैक्षणिक लिहा."

"म्हणजे खोटं लिहू?"

दहा बेचाळीस झाले. आतून सासूबाईंचा आवाज आला, "कारण लिहा, बहीण." ग्रंथपालबाईंनी चष्म्यातून आत बघितलं. मग त्यांनी कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'बहीण' लिहिलं, तारीख घातली आणि कपाट उघडलं. मी सही केली. तारेवर खुणा नाहीत हे दोघांनी मिळून तपासलं.

तार जोडली. संगणक चालू झाला. त्यानं विचारलं, कुणाला उठवू? लॉकरसाहेब मास्तरांना म्हणाले, "तुमची उठवा." मास्तर म्हणाले, "छे छे, आज तुमची." "अहो तुमची चांगली आहे." "तुमचीही वाईट नाही, पावती असते." सहा सभांत जे कुणी म्हटलं नव्हतं ते आता दहा सत्तेचाळीसला दोघं एकमेकांना ऐकवत होते. शेवटी सासूबाईंनीच एक बटण दाबलं. कुणाची उठली ते मी पाहिलं नाही.

पासवर्डची चौकट आली. आज मी बाहेर गेलो नाही. मी भिंतीकडे तोंड केलं, आणि काच दिसू नये म्हणून डोळेही मिटले.

"आधी तुम्ही," लॉकरसाहेबांचा आवाज.

"नाही, पहिला भाग तुमचा."

"मी तुमच्यावर नाही तो संशय घेतला. आज मान तुमचा. आधी तुम्ही."

मास्तरांना भरून आलं. त्यांनी आधी आपला भाग घातला. मग लॉकरसाहेबांनी आपला घातला. आणि अर्थातच पासवर्ड चुकला, कारण शेपूट पुढे आणि डोकं मागे अशी त्याची गत झाली होती. संगणकाला माणसांचं मन कळत नाही, ही या शास्त्रातली मोठी त्रुटी आहे.

"माझा भाग बरोबर होता," लॉकरसाहेब म्हणाले. "तुमचा पुन्हा घाला."

मास्तरांनी फक्त आपला भाग घातला. पुन्हा चूक. आधीचं सगळं पुसलं गेलेलं असतं, हे त्या दोन जाणकारांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. आता एकच संधी राहिली. ती गेली तर संगणक तासभर बंद, आणि मावशी साडेअकराला आत जाणार.

दहा बावन्न. लॉकरसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. मास्तर म्हणाले, मी पेटी उघडतो, आतून बघतो. लॉकरसाहेब म्हणाले, खबरदार. ग्रंथपालबाई दारातून म्हणाल्या, तारेची वेळ लिहून ठेवा. मी खिशातून फोन काढला आणि सासूबाईंकडे बघितलं. मी त्यांना शब्द दिला होता, आणि आता पुन्हा तोच चौक त्यांच्यापुढे धरायची पाळी आली होती.

सासूबाई म्हणाल्या, "झालं का तुमचं? मग सरका जरा."

त्यांनी दोन्ही हात पुढे घेतले. एका बोटानं नव्हे, चार-पाच बोटांनी टकटक केलं. आणि पाचवा संगणक उघडला.

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. शिवणाऱ्या बाईंची पडलीच.

"आई! तुम्हाला पासवर्ड कसा..."

"एकपासून आठपर्यंत, आणि मग आठपासून उलटं एकपर्यंत," सासूबाई म्हणाल्या. "तोंड भिंतीकडे करतात, पण एकेक आकडा पुटपुटत घालतात. सगळ्या वर्गाला पाठ आहे. गेले आठ दिवस तुम्ही भांडत होता, तेव्हा तुम्ही यायच्या आधी आम्हीच उघडत होतो."

मागे चौदा माना हलल्या. एका आजोबांनी तर तोंडाला रुमाल लावला. लॉकरसाहेब, ज्यांनी लोकांच्या दागिन्यांवर आयुष्यभर पहारा दिला, ते खाली बघत होते. "एक ते आठ, मास्तर," ते पुटपुटले, "मला वाटलं इतकं सोपं कुणाच्या मनातच येणार नाही." मास्तर म्हणाले, "म्हणूनच मी उलटं ठेवलं."

"मग आधीच का नाही उघडलात?" मी विचारलं.

"तुम्ही शब्द दिला होता ना? म्हटलं, तुमचा मान राहू दे. पण आता वेळ होत आली."

हे बोलता बोलता त्यांनी कॅमेऱ्यावरची पट्टी नखानं अलगद काढून टेबलाच्या कडेला चिकटवली. हात सवयीचा होता. मग त्या वळल्या, आणि आम्हा सगळ्यांकडे नुसतं बघितलं. विद्यार्थी उठले, लॉकरसाहेब उठले, मास्तर उठले. सर्वांत शेवटी मी. मी दारात जरा रेंगाळलो, म्हटलं, "आई, कॅमेऱ्याकडे..." आणि स्वतःच गप्प बसलो. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

बाहेरच्या बाकावर आम्ही ओळीनं बसलो. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग सासूबाईंचं हसणं ऐकू आलं. मी चौतीस वर्षं त्यांचा जावई आहे. असं हसणं मी ऐकलं नव्हतं, लहान मुलीसारखं, दम लागेपर्यंत. मग कुणीतरी हुंदका दिला, इकडे की तिकडे ते कळलं नाही. लॉकरसाहेब उठले आणि म्हणाले, आपण जरा लांब बसू. बाक आम्ही सगळ्यांनी मिळून उचलला आणि मासिकांच्या टेबलापलीकडे नेला. तिथून काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायचा प्रयत्नही, माझी शपथ, कुणी केला नाही.

साडेअकरानंतर थोड्या वेळानं कडी निघाली. सासूबाई बाहेर आल्या. डोळे लाल होते, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. हातात नीट गुंडाळलेली तार. त्यांनी ती ग्रंथपालबाईंना दिली, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, सही केली.

"आता घाबरली नाहीये ती," त्या मला म्हणाल्या. "उद्या शुद्धीवर आली की पुन्हा याच वेळेला बोलू म्हणालीय."

"हो, हो. उद्या मी साडेनऊलाच सगळी तयारी..."

"तुम्ही नाही आलात तरी चालेल, जावईबापू," त्या म्हणाल्या. अगदी मायेनं म्हणाल्या.

शुक्रवारी मी घरी बसलो. वर्तमानपत्र दोनदा वाचलं. अकराला उठलो, सवा अकराला पुन्हा उठलो, बायको म्हणाली, नुसते येरझारा घालण्यापेक्षा भाजी आणा. मी भाजी आणायला गेलो आणि वाचनालयाच्या रस्त्यानं गेलो नाही. हे माझं मोठेपण कुणाच्या नोंदीत नाही, म्हणून इथे सांगतो.

मावशीचं ऑपरेशन उत्तम झालं. ही बातमी पाचव्या संगणकाकडून सासूबाईंना कळली, त्यांच्याकडून तिथे बसलेल्या चौदा विद्यार्थ्यांना, शिवणाऱ्या बाईंकडून बाजारात माझ्या बायकोच्या मैत्रिणीला, तिच्याकडून बायकोला, आणि मी भाजीची पिशवी घेऊन घरात पाऊल टाकल्यावर बायकोकडून मला. मी मंडळाचा चिटणीस. मी पिशवी खाली ठेवली, इतिवृत्ताची वही काढली, आणि सभा भरवल्यापासून पहिल्यांदाच 'उद्देश' या रकान्यापुढे 'साध्य' असं लिहिलं. खाली सही करताना डोळ्यांत पाणी आलं. बायकोनं विचारलं काय झालं, तर म्हटलं, कांदे आणलेत.